दोन किलोचा टेंट की घरी शिवलेला टार्प?

दिवाळी झाली की रेंज ट्रेकचे (एका गडावरून दुसऱ्यावर, सलग काही दिवस चालायचं) प्लॅन ठरायला लागतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, टेंट घेऊ की टार्पचं (दोऱ्यांनी ताणून छत करायचं साधं सपाट कापड) बघू. मी ४ वर्षं टेंट वागवला आणि गेली ५ वर्षं स्वतः शिवलेला टार्प वापरतोय, त्यामुळे माझा कल काही लपणार नाही, तरी जमेल तेवढं दोन्हीकडचं सांगतो. गडावरच्या गुहेत एक मुक्काम करून परत यायचं असेल तर दोन्ही नको, चटई न्या आणि झोपा. हे सगळं २-३ रात्री उघड्यावर काढणाऱ्यांसाठी, ज्यांचं सामान त्यांच्याच पाठीवर असतं.

वजनाचं आधी उरकून टाकतो. घरच्या किचनच्या काट्यावर माझा दोन माणसांचा टेंट भरला २ किलो ३५०. टार्प ४७०, दोऱ्या आणि ८ मेखा १८०, खाली अंथरायचं प्लास्टिक २०० आणि सिंगल बेडची मच्छरदाणी कापून केलेली जाळी २६०, म्हणजे सगळं मिळून १ किलो ११०. (लोक टार्पचं वजन सांगताना जाळी आणि प्लास्टिक सोयीस्कर विसरतात, ते चीटिंग आहे.) तरीही निम्म्याहून कमी झालं. पण खरं सांगू का, मी वजनासाठी टेंट सोडलाच नाही. दोघांत वाटून घेतला तर सव्वा किलो काही जड होत नाही.

सोडला तो दंवापायी. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगडावर चाललो होतो, डिसेंबर होता. कुमशेतच्या पुढे मुळा नदीच्या पात्राजवळ मस्त सपाट जागा दिसली. पाण्याला लागून, खोलगट, वर एक झाड नाही, म्हणजे दंवाला अक्षत देऊन बोलावल्यासारखं, पण तेव्हा तेवढी अक्कल नव्हती. आभाळ निरभ्र असलं की रात्री कापड हवेपेक्षाही गार पडतं, त्यात आत दोघांचे श्वास कोंडलेले. पहाटे साडेपाचला उठून बसलो, डोकं छताला लागलं आणि मानेवरून थेट पाठीत गार पाणी. स्लीपिंग बॅग पायाकडून ओली. तेही चालवून घेतलं असतं हो, पण आता हा टेंट भरायचा कसा? बाहेरचं कव्हर दोन्ही बाजूंनी निथळतंय, आतलं दमट, झिपच्या पट्टीत आणि कोपऱ्यातल्या शिवणीत पाणी साठलेलं. तसाच कोंबला तर ते पाणी पाठीवर वाहायचं आणि रात्री त्याच ओल्या टेंटमध्ये परत झोपायचं. मग काय, ऊन खाली उतरायची वाट बघत दगडावर बसलो, ते आलं पावणेनऊला, टेंट उलटासुलटा करून वाळवून निघेपर्यंत साडेनऊ झाले आणि पुढचा सगळा चढ डोक्यावर ऊन घेऊन. सकाळचे गारव्यातले तीन तास हीच तर आपल्याकडच्या चालीची खरी कमाई असते. एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण हे दर हिवाळ्यात होत राहिलं.

टार्पवर दंव पडत नाही का? पडतं, भरपूर पडतं. पण बाजू उघड्या असल्यामुळे श्वास आत कोंडत नाही, आणि मुख्य म्हणजे ते एकच सपाट कापड आहे. पंचाने दोन्ही बाजू पुसायच्या, एकदा झटकायचं, कोंबायचं, ५ मिनिटांत विषय संपला. सव्वासहाला चालायला लागलेलो असतो.

शिवायचं म्हणाल तर सिलनायलॉन (सिलिकॉनचा थर दिलेलं पातळ नायलॉन) कापड ऑनलाइन मागवलं, दीड मीटर पन्ह्याचे ३-३ मीटरचे दोन तुकडे, मध्ये एक जोड. ओळखीच्या टेलरने कापड हातात घेऊन परत दिलं, इतकं ते निसटतं. शेवटी आईच्या मशीनवर बसलो. टाचण्या लावल्या तर भोकं राहतात म्हणून कपडे वाळवायचे चिमटे लावले, ११ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, आणि जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून डबल शिवण. कोपऱ्यांना आणि कडांना जादा तुकडा लावून बॅगवाल्याकडची अर्धा इंची पट्टी शिवली. जोडावर सिलिकॉन सीलंट टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने फिरवला. दोऱ्या, प्लास्टिक वगैरे पुण्यात बोहरी आळीत मिळून जातं. चार संध्याकाळी गेल्या. आई म्हणाली, एवढ्या खटपटीत दोन परकर झाले असते.

आता टेंटच्या बाजूचं, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या वाऱ्याच्या जागी, आडोसा नसेल तर, टार्पखाली झोप लागेल याची गॅरंटी मी देणार नाही. कातळावर मेखा जात नाहीत, टेंट निदान स्वतःच्या पायावर उभा तरी राहतो. टार्पला दोरीच्या फासात आडवी काडी अडकवून त्यावर मोठे दगड रचावे लागतात, ते जमायला मला दोन ट्रेक लागले. सिलनायलॉन ओलं झालं की सैल पडतं, रात्री एकदा उठून दोऱ्या ताणाव्याच लागतात (चाळिशीनंतर तसंही उठावं लागतंच). इंगळी-विंचवाची धास्ती असेल तर जाळी प्लास्टिकखाली नीट खोचूनसुद्धा मन शांत होत नाही, हे माझ्या पार्टनरकडे बघून सांगतोय. आणि हिमालयात बर्फावर जायचं असेल तर हा लेख विसरा, टेंटच न्या. माझाही अजून माळ्यावर आहे, मुलीला घेऊन जातो तेव्हा तोच काढतो.

पण तुम्ही दोघं-तिघं असाल, नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरणारे असाल, झाडाखालची जागा शोधायची सवय असेल (अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम चालतो का ते आधी विचारून), तर मला वाटतं टार्पने बिघडणार नाही. लगेच कापड मागवू नका, साध्या निळ्या ताडपत्रीखाली एक रात्र काढून बघा. जमलं तर मग ६ ऐवजी ७ मीटर मागवा, पहिली कड माझ्यासारखी वाकडी जाणारच.