'रसासकट' मांस घेताना वजनकाटा जवळ ठेवा

मांजर-कुत्र्यांसाठी कच्चं मांस घरपोच देणारा एक विक्रेता सध्या नागपुरात फिरतोय. गोठवलेल्या कोंबडीच्या खिम्याची एक किलोची पिशवी, भाव बाजारातल्या खिम्याच्या जवळपास दुप्पट. "रसासकट देतो ना ताई! सगळी ताकद रसातच असते, फेकू नका बाप्पा," हे त्याचं पालुपद.

हे बोलणं खोटं नाही, गोम तिथेच आहे. मांस वितळताना सुटणारं लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे. त्यात मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, म्हणून ते लाल दिसतं. त्याच्यासोबत ब गटातली जीवनसत्त्वं, पोटॅशियम आणि थोडं टॉरिन नावाचं पोषकद्रव्यही उतरतं. मांजराचं शरीर टॉरिन पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू कमकुवत होतो, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. तेव्हा रस वाया घालवू नये हे खरंच. फक्त तो कोंबडीतून आलेला हवा, नळातून नव्हे.

पिशवी चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये वितळवली, तर खाली भांडंभर फिकट गुलाबी पाणी आणि वर खिमा सातशे ग्रॅमही भरेना! गोठवलेल्या मांसाला रस सुटतोच. हळू गोठवलं तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि जरा जास्त सुटतो. पण किलोमागे तीनशे ग्रॅम? सरळ पाणी घालून गोठवलेला माल. जाब विचारला तर म्हणे, "आता कोंबडीच रसाळ निघाली, त्याले मी काय करू जी?"

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटली. पिशवीवर पत्ता नाही, पॅकिंगची तारीख नाही, निव्वळ वजनही नाही. कोंबडी कुठली, कुणास ठाऊक. आणि याच शहरात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. संशय खायला घातलेल्या कोंबडीवरच होता. आपली मनी त्याच कुळातली.

डॉक्टरांनी कच्चं बंदच करायला लावलं. आता समोर कापून घेतलेलं मांडीचं मांस आणि हृदय शिजवते. टॉरिन शिजवणाच्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणीही मांजरीच्याच वाटीत जातं. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने वेगळं घालते.

कुणी अशी पिशवी घेतलीच असेल तर ती फेकू नका. वितळण्याआधी आणि पाणी निथळल्यावर काट्यावरचे फोटो काढा, पैसे दिल्याची नोंद जपा. तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते, किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. माझी गेली आहे. पठ्ठ्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. पिशव्या मात्र मानेवाड्यापर्यंत अजून पोचताहेत.