बंगाल घ्यावा की इजिप्शियन माउ?

ठिपकेदार मांजर पाळायचे हे ठरले आहे, पण बंगाल आणि इजिप्शियन माउ यांपैकी कोणते, यावर ज्यांचे अडले आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझ्याकडे नऊ वर्षे बंगाल बोका होता. तो गेल्यावर दुसऱ्यांदा निवड करण्याची वेळ आली, तेव्हा मी माउ मांजरी आणली. त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असे म्हणवत नाही.

रूपात बंगाल सरस आहे, हे मी आजही मान्य करतो. त्याच्या अंगावर पुष्कळदा नुसते ठिपके नसून गडद कडांची आणि आत तांबूस छटेची वलये असतात, आणि काही बंगालांचे केस उन्हात सोनेरी पूड भुरभुरल्यासारखे चमकतात. माउचे ठिपके साधे आणि सुटे असतात. तिचे खरे सौंदर्य आवळ्याच्या रंगाच्या डोळ्यांत आणि नेहमी किंचित काळजीत पडल्यासारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यात आहे. ते नजरेत भरायला थोडे दिवस जावे लागतात. ती ताशी 48 किलोमीटर वेगाने धावते असे सांगतात. मी कधी मोजलेले नाही, पण खोलीच्या या टोकाची मांजरी त्या टोकाला केव्हा पोहोचली ते अनेकदा कळत नाही, एवढे खरे.

बंगाल हा मुद्दाम घडवलेला संकर आहे. प्रियोनायल्युरस बेंगालेन्सिस हे आशियातील एक रानटी मांजर, आणि जातीचे नाव त्यावरूनच पडले. अमेरिकेत जीन मिल यांनी 1960 च्या दशकात त्याचा पाळीव बोक्याशी संकर घडवला होता. पुढे 1980 च्या दशकात, डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांच्या मांजरांतील रक्ताच्या कर्करोगासंबंधीच्या संशोधनातून उरलेल्या संकरित माद्या मिळाल्यावर मिल यांनी हे काम नेटाने चालवले. सुरुवातीच्या पिढ्यांतील नर वंध्य निघत असल्याने पाळीव बोके लागत, आणि त्यांतला एक दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेला होता. याच भारतीय मांजरांचे रक्त पुढे माउच्या काही वंशावळींतही मिसळले, म्हणजे माझी दोन्ही मांजरे लांबची नातेवाईकही असू शकतात. माउचे ठिपके मात्र संकरातून आलेले नाहीत. नताली ट्रुबेत्स्कॉय या रशियन उमराव घराण्यातील बाईंनी 1956 मध्ये आपली मांजरे इटलीहून अमेरिकेत नेली आणि तिथे या जातीची पैदास सुरू झाली. बंगाल घेताना तो रानटी पूर्वजापासून निदान चार पिढ्या दूर आहे याची खात्री करावी. तसा बंगाल स्वभावाने पाळीवच असतो.

पाळीव असतो, पण स्वस्थ नसतो. त्याची धावपळ, मोठा आवाज, कपाटाच्या माथ्यावरची बैठक हे सगळे मला आवडत असे. मला जिंकता आले नाही ते त्याच्या पाण्याच्या वेडापुढे. पाणी पिण्याआधी तो पंजाने ते ढवळत असे, मग भांडे ओढत असे आणि शेवटी उलटे करत असे. जड भांडे आणले, तर त्यात माझे मोजे आणून बुडवू लागला. वाहते पाणी दिले की समाधान होईल असे कोणीतरी सुचवले म्हणून विजेवर चालणारे कारंजे घेतले. त्याने ते दोन दिवसांत खेळणे करून टाकले. एका रात्री स्वयंपाकघरातील नळाचा दांडा वर उचलायची युक्ती त्याला साधली, आणि पहाटे मी घोटाभर पाण्यात उभा होतो. त्यानंतर कित्येक वर्षे रोज झोपण्यापूर्वी पाण्याचा मुख्य कॉक बंद करणे हे माझे काम होऊन बसले. प्रत्येक बंगाल असाच वागेल असे नाही, परंतु इतर बंगालवाल्यांशी बोलताना ही तक्रार मला नवी कधीच वाटली नाही.

माउचेही दोष आहेत. ती घरातल्या एकाच माणसाला आपले मानते, पाहुणे आले की पलंगाखाली जाते आणि भांडे पडल्याच्या आवाजानेही दचकते. घरात सतत वर्दळ असेल किंवा लहान मुले असतील, तर बंगाल कदाचित अधिक मोकळेपणाने रमेल, आणि त्याच्याशी रोज तासभर खेळणारे कोणी असेल तर त्याच्याइतका हुशार सोबती मिळणे अवघड. मी एकटा राहतो, बराच वेळ कागदांत बुडालेला असतो. माउ शेजारच्या खुर्चीवर बसून हलक्या आवाजात काहीबाही बोलत राहते, आणि पाण्याचे भांडे रात्री जिथे ठेवतो तिथेच सकाळी भरलेले सापडते.