घरून काम, ऑफिस की हायब्रिड: ऑफर स्वीकारण्याआधी तब्येतीचा हिशेब

एका ऑफरमध्ये पगार चांगला, पण पाचही दिवस हिंजवडीत हजेरी. दुसरीत पगार थोडा कमी, पण काम पूर्ण घरून. तिसरी कंपनी म्हणते, तीन दिवस या आणि दोन दिवस घरून करा, म्हणजे हायब्रिड. पुण्यात आयटीत असणाऱ्याला हा पेच आज ना उद्या पडतोच. पगाराची बेरीज-वजाबाकी सगळेच करतात. झोप, पाठ, मन आणि घरातली माणसं यांचा हिशेब मात्र नोकरी बदलून सहा महिने झाल्यावर सुरू होतो. तो आधी व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

घरून काम करण्याचा सगळ्यात निर्विवाद फायदा म्हणजे प्रवास वाचतो. 27 देशांतल्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2023 मध्ये आला. त्यानुसार घरून काम केल्याने दिवसाला सरासरी 72 मिनिटं वाचतात, भारतात 99. पावसाळ्यात भूमकर चौकात कॅबमध्ये अडकलेल्याला हा आकडा कमीच वाटेल. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की वाचलेल्या वेळातला सुमारे 40 टक्के भाग लोकांनी परत नोकरीच्याच कामात घातला. माझ्या टीममध्ये मी हे रोज बघते. दहाचं लॉगइन साडेनऊवर येतं, डबा लॅपटॉपसमोर खाल्ला जातो, आणि जेवण झाल्यावर ‘क्लायंट आत्ताच ऑनलाइन आलाय’ म्हणून रात्री पुन्हा बसणं होतं. ऑफिसात साडेसहाची कॅब चुकली तर पुढची आठला, म्हणून माणूस उठतो. घरी उठवायला कोणी नसतं. दुपारी जरा आडवं झालं तर ऑफिसच्या चॅटवर आपण हजर असल्याचा नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होईल, ही धास्ती वेगळीच.

जास्त तास काम करण्याचे परिणाम गंभीर आहेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त. म्हणून नुसत्या ‘घरून काम’ या शब्दांवर भुलू नका. त्या टीममधले लोक लॉगआउट किती वाजता करतात, ते आधी तिथल्याच कोणाला तरी विचारा.

पाठ-मानेच्या बाबतीत ऑफिसच सरस आहे. घरी बहुतेकदा नुसत्या लॅपटॉपवर काम चालतं, आणि त्याची रचनाच अशी की स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणला तर कीबोर्ड खांद्याशी येतो आणि कीबोर्ड खाली ठेवला तर मान वाकते. पोळ्यांच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून वेगळा कीबोर्ड जोडला तरी बराच फरक पडतो. खुर्ची मात्र चांगलीच हवी. तिचे पैसे कंपनी देते का, हे विचारायला लाजू नका.

खरी गुंतागुंत घराच्या आत आहे, आणि बायकांच्या बाबतीत ती जास्त आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं दिसलं, पुरुषांचे 88. आता या घरात लॅपटॉप आणून ठेवा. माझ्या टीममधली एक मुलगी वन बीएचकेमध्ये सासू-सासऱ्यांसोबत राहते. तिचा कॉल चालू असताना कुकरच्या शिट्ट्या होतात, सिलिंडरवाला येतो, आणि चार वाजले की सासूबाई दारातून विचारतात, ‘अगं, चहा टाकतेस ना?’ त्यांच्या मनात काही वाईट नसतं. सून घरात दिसते आहे, म्हणजे ती मोकळी आहे, एवढंच त्यांना कळतं. तिचा नवरा त्याच घरात बेडरूमचं दार लावून काम करतो. त्याला कोणी चहा टाकायला सांगत नाही. तिने स्वतःहून आठवड्यातले तीन दिवस ऑफिस मागून घेतलं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

लहान मूल असेल तर विचार आणखी नीट करावा लागतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची पगारी रजा आली. कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजेनंतर आपसांत ठरवून घरून काम करण्याची तरतूदही आली. त्याच दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा सक्तीची केली. घरी आजी किंवा सांभाळणाऱ्या मावशी असतील तर घरून काम खरोखर सुखाचं होतं. मधल्या वेळात बाळाला जवळ घेता येतं. सांभाळायला कोणीच नसेल, तर पाळणाघर असलेलं ऑफिस बरं. मांडीवर बाळ आणि कानात हेडफोन, अशा अवस्थेत ना काम होत, ना बाळाकडे लक्ष राहत. वर दोन्हीकडची अपराधी भावना त्या आईच्याच वाट्याला येते, याचा मला राग येतो.

एकटेपणाबद्दलचा सगळ्यात चांगला पुरावा शांघायमधला आहे. सीट्रिप या प्रवास कंपनीने 2010-11 मध्ये कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी काहींना नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलं. काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, लोक जास्त समाधानी दिसले. पण प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करायला सांगितलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपला आधीचा पर्याय बदलला. घरून ऑफिसात परतणाऱ्यांनी एकटेपणाचं कारण दिलं. शिवाय कामगिरी सारखीच असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. ज्यांनी हौसेने घर निवडलं होतं, त्यांची ही गत.

म्हणून फ्रेशरला, म्हणजे पहिलीच नोकरी असणाऱ्याला, माझा सल्ला एकच: पहिली एक-दोन वर्षं ऑफिसात जा. खराडीच्या पीजीत कॉटवर बसून केलेल्या कामात, चिडलेल्या क्लायंटला सीनियर कसं शांत करतो, हे कानावर पडत नाही. बाजूला वळून विचारलेला प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. चॅटवर ‘एक मिनिट आहे का?’ टाकून अर्धा तास वाट बघताना आपल्यालाच काही येत नाही असं वाटू लागतं. चार वर्षं काम केलेल्या आणि सांगली-लातूरला आई-वडील असलेल्या माणसाचं गणित अगदी वेगळं. भाडं वाचतं, घरचं जेवण मिळतं, वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी रजा टाकावी लागत नाही. हे समाधान कुठल्याही पगारवाढीत मिळत नाही. त्याने घरूनच काम करावं, मात्र संध्याकाळी भेटायला चार माणसं जोडावीत.

हायब्रिडच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. शांघायच्या त्याच सीट्रिपने, आता नाव ट्रिप डॉट कॉम, 2021-22 मध्ये 1,612 कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. दोन दिवस घरून काम दिलेल्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि बढतीवर काहीही परिणाम झाला नाही. सर्वाधिक फायदा बायकांना, मॅनेजर नसलेल्यांना आणि लांबून येणाऱ्यांना झाला. त्यामुळे तिन्ही ऑफर तोलामोलाच्या असतील तर मी हायब्रिड घेईन. एकच अट, टीमचे दिवस ठरलेले हवेत. दीड तास प्रवास करून पोहोचायचं आणि तिथे बसून घरी असलेल्यांशीच कॉलवर बोलायचं, यात दोन्हीकडचा तोटा होतो. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, तेव्हा निवड तुमच्या हातात असेल तर गुरुवार ऑफिससाठी ठेवा.

आणि जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्क्यांहून जास्त कर्मचारी ऑफिसात असण्याची गरज राहणार नाही, असं टीसीएसने 2020 मध्ये जाहीर केलं होतं. ऑक्टोबर 2023 पासून त्याच कंपनीने पाच दिवस हजेरी मागितली. धोरणं अशी फिरतात, आणि तोवर कोणी गावी बिऱ्हाड हलवलेलं असतं, मुलांची शाळा बदललेली असते. परत बोलावलं तर किती दिवसांची मुदत देणार, हे एचआरला ईमेलवरच विचारा. उत्तर लेखी येईपर्यंत आणि नव्या पद्धतीने दोन-तीन महिने काम करून बघेपर्यंत फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार मोडू नका.