लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूल: रंग भरपूर, माहिती अपुरी

बाटलीच्या लेबलवर ‘दर कॅप्सूलमध्ये ६०० मिलिग्रॅम लाल यीस्ट तांदूळ’ असे ठळक छापले आहे. परंतु ज्या घटकासाठी कोलेस्टेरॉलचे रुग्ण हे उत्पादन घेतात, त्या मोनॅकोलिन-केचे प्रमाण त्यावर कुठेही दिलेले नाही.

रंगाविषयी तक्रारीला जागा नाही. कॅप्सूल उघडून भुकटी कागदावर काढली असता ती गडद विटकरी दिसते, बोटाला चिकटते आणि तिला किंचित आंबूस वास येतो. वाफवलेल्या तांदळावर मोनॅस्कस पर्प्युरियस ही बुरशी वाढवली की ती पिवळी व नारिंगी रंगद्रव्ये तयार करते आणि नारिंगी रंगद्रव्यांची अमिनो गटांशी प्रक्रिया होऊन लाल छटा येते. मात्र रंगद्रव्ये आणि मोनॅकोलिन-के ही निरनिराळी संयुगे असून बुरशीचा वाण, तापमान, ओलावा आणि आंबवण्याचा कालावधी यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. त्यामुळे भुकटी लालभडक आहे म्हणून ती गुणकारी असेलच असे नाही.

मोनॅकोलिन-के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच, अर्थात कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातले एक औषध. जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ मध्ये मोनॅस्कसपासून ते वेगळे केल्याचे जाहीर केले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. साहजिकच स्नायुदुखी, यकृतावरील परिणाम आणि इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रिया हे स्टॅटिनचे धोके येथेही संभवतात, मग बाटलीवर ‘संपूर्ण नैसर्गिक’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो. अमेरिकेतील १२ उत्पादनांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत मोनॅकोलिन-के दर कॅप्सूलमागे ०.१० ते १०.०९ मिलिग्रॅम इतके कमीजास्त निघाले आणि ४ उत्पादनांत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक बुरशीजन्य विष वाढलेले आढळले. युरोपीय संघाने अशा पूरक उत्पादनांत सिट्रिनिनची मर्यादा किलोमागे १०० मायक्रोग्रॅमवर आणली असून मोनॅकोलिनची दैनंदिन मात्रा ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असावी असे बंधन घातले आहे.

विक्रेत्याकडे या बॅचचा तपासणी अहवाल मागितला, तेव्हा तो तत्परतेने मिळाला, हे मान्य करायला हवे. त्यात जड धातू आणि जिवाणूंचे आकडे व्यवस्थित होते. मोनॅकोलिन-के आणि सिट्रिनिन यांचे रकानेच नव्हते. आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे घेऊ नये, ही सूचना लेबलच्या घडीत इतक्या बारीक टाइपात आहे की ती वाचायला भिंग लागते. पाचपैकी दीड तारा, आणि तोही सील व पॅकिंग चांगले असल्यामुळे.