गोल चक्कर मारायचीय: नाथसागराचा काठ की गौताळ्याचं जंगल?

एका दिवसात पायी गोल फिरून जिथून निघालो तिथंच परत यायचं, वाटेत पक्षी-प्राणी दिसावेत आणि नजर लांबवर जावी, असं काही संभाजीनगरहून जवळ हवं असेल तर माझ्या मते दोनच जागा, पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, नाहीतर कन्नडचं गौताळा. दोन्ही अभयारण्यं १९८६ सालची, पण स्वभाव एकदम उलटा.

समुद्र नाही आपल्याकडं, पण वारा सुटला की नाथसागराच्या लाटा काठावर फटाफट आपटतात आणि कित्येक ठिकाणी पलीकडचा काठ दिसतच नाही. पूर्ण जलाशयाला फेरी मारायचं मनातही आणू नका, लांबीच पन्नासेक किलोमीटर आहे. काठच्या एखाद्या गावातून पाण्यापर्यंत उतरायचं, कडेकडेनं चालायचं आणि परतताना गाळपेराच्या शेतांमधून गावात निघायचं, एवढी चक्कर बास. पाणी उतरतं तशी जमीन उघडी पडते, लोक त्यात पीक घेतात आणि त्याच कडेच्या उथळ चिखलात पक्ष्यांचं खाणं असतं, म्हणून धरण तुडुंब असताना गेलात तर पाणीच पाणी दिसेल, पक्षी लांब. जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून आलेले असतात, चक्रवाक, थापट्या ही बदकं असतात, आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. दुर्बिणीतून रोहितचं डोकं नीट बघा, चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि चिखलपाणी गाळून खातो, दहा मिनिटं नुसतं तेच बघत बसता येतं. त्रास दोनच, सावली अजिबात नाही आणि काळा चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलवत नाही. पाण्याच्या अगदी कडेला लेकरांना सोडू नका, गाळात पाय रुततो.

गौताळ्यात व्ह्यू पाहिजे तसा मिळतो. सीता न्हाणीजवळ दरी एकदम पायाखाली उघडते, श्रावण-भाद्रपदात ढग खाली आणि आपण वर. चढउतार आहे, दगड शेवाळलेले असतात, गुडघे दुखणाऱ्या आईवडलांना कामून नेता तिथं? प्राण्यांचं म्हणाल तर बिबट्या, अस्वल, नीलगाय, भेकर सगळं आहे, २०२१ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ इथपर्यंत चालत आला होता, पण दिसतील ती वानरं आणि अस्वलाची विष्ठा, त्यात बोराच्या बिया. ज्याला असल्या खुणा वाचायची हौस आहे त्याला मजा येते, बाकीचे विचारत बसतात की प्राणी कुठंयत. आणि वाट मनानं ठरवू नका, गेटवर वनखात्याच्या लोकांना विचारून, माहितगार सोबत घेऊनच आत शिरायचं. मार्चनंतर झाडं पानं टाकतात, झरे आटतात, मग मी तरी जाणार नाही. वेळ उरला तर पितळखोऱ्याची लेणी त्याच बाजूला आहेत, अजिंठा-वेरूळपेक्षा गर्दी लई कमी.

पहिल्यांदाच जाताय आणि एकच निवडायचंय तर थंडीत पैठण धरा, पहाटे निघा, ऊन चढायच्या आत चक्कर उरकते आणि येताना नाथांचं दर्शनही होतं. पावसाळ्यात मात्र डोळे झाकून गौताळा. आणि फक्त मोर बघायला जायचंय तर दोन्हींचा नाद सोडा, बीडच्या पाटोदा तालुक्यातलं नायगाव गाठा, ते अभयारण्यच मोरांसाठी आहे.