महामार्गावरची बंद गाडी आणि तारण दिलेली अंगठी : आमच्या फसवणुकीचा अनुभव

पुणे–सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी ओलांडून इंदापूरकडे येताना, रस्त्यात गाडी बंद पडलेल्या एका कुटुंबाला अडचणीत मदत म्हणून आम्ही आठ हजार रुपये दिले. ती अडचण, त्या गाडीची नंबर प्लेट आणि त्यांनी तारण म्हणून दिलेली सोन्याची अंगठी, हे सगळेच खोटे निघाले. रक्कम फार मोठी नव्हती आणि ती परत मिळावी एवढ्यासाठी मी हे लिहीत नाही. हा डाव अशा चलाखीने रचलेला असतो की तो माहीत नसल्यास विचारी माणूसही त्यात सापडतो, आणि एकदा सापडल्यावर यापुढे रस्त्यात कुणासाठीही थांबायचे नाही असे ठरवून बसतो. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच गंभीर वाटते, म्हणून घडले ते सविस्तर सांगतो.

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरचे लग्न आटोपून मी, माझी पत्नी आणि भाचा असे तिघे पुण्याकडे निघालो होतो. भीमानगरचा पूल मागे पडल्यावर थोड्या अंतरावर रस्त्याच्या डाव्या कडेला एक पांढरी मोटार बॉनेट उघडून उभी होती आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला चाळिशीतला एक माणूस हात जोडून गाड्यांना थांबण्याची विनंती करत होता. मागच्या सीटवर एक बाई आणि सहा-सात वर्षांचा मुलगा बसलेले दिसले. त्या उन्हात लहान मूल पाहिल्यावर पुढे निघून जाणे आमच्याच्याने झाले नसते.

त्या माणसाचे बोलणे अत्यंत सभ्य होते. पुण्यात वडील अतिदक्षता विभागात आहेत, गाडीचा डिझेल पंप गेला आहे, टेंभुर्णीचा मेकॅनिक येऊन बघून गेला, पण नवीन पार्टसाठी तो रोख पैसे मागतो आहे, आणि मोबाइल हातातून पडून त्याची स्क्रीन गेल्यामुळे कुणाला पैसेही मागवता येत नाहीत, असे त्याने एका दमात सांगितले. स्क्रीन फुटलेला मोबाइल त्याने खिशातून काढून दाखवलाही. भाच्याने लगेच आपला मोबाइल पुढे केला आणि घरच्यांना फोन लावा म्हणाला. त्यावर “दादा, नंबर सगळे त्या फोनमध्येच आहेत, पाठ एकही नाही,” असे उत्तर आले. आम्ही मेकॅनिकशी बोलतो म्हटले, तर तो मोटारसायकलवरून दुकान बघायला गेलेला होता. ताई आणि मुलाला घेऊन तुम्ही आमच्याबरोबर इंदापूरला चला, तिथे काहीतरी व्यवस्था करू, असेही पत्नीने सुचवले. त्यावर भरल्या महामार्गावर गाडी बेवारस कशी सोडू, असे तो म्हणाला. प्रत्येक उत्तर आपापल्या जागी पटण्यासारखे होते. मात्र आम्ही देऊ केलेली प्रत्येक मदत नम्रपणे बाजूला सारली जात होती आणि बोलणे फिरून रोख रकमेवरच येत होते. या अनुभवातून दुसऱ्यांना सांगण्यासारखी सर्वांत मोलाची खूण मला हीच वाटते. खरोखर अडकलेला माणूस मिळेल ती मदत घेतो. पाणी, फोन, सावली, मेकॅनिक, लिफ्ट, यांतले काहीही त्याला चालते. ठरवून उभा राहिलेल्या माणसाला यांपैकी काहीच चालत नाही.

आमची चलबिचल त्याच्या लक्षात आली असावी, कारण त्याच वेळी मागच्या सीटवरची बाई खाली उतरली आणि काही न बोलता बोटातली अंगठी काढून तिने माझ्या पत्नीच्या हातात ठेवली. “लग्नातली आहे, पण आज सासऱ्यांपेक्षा मोठी नाही. तुमच्याकडे राहू द्या. पुण्यात पोचलो की तुमचे पैसे देऊन घेऊन जाऊ.” पत्नीने अंगठी परत करण्याचा प्रयत्न केला, पण ती घेईना. अंगठी चांगली जड होती आणि आतल्या बाजूला ९१६ असा ठसा होता. आम्ही आठ हजार रुपये दिले, त्यांनी आमचा पत्ता लिहून घेतला, स्वतःचा नंबर लिहून दिला आणि मुलाला आमच्या पाया पडायला लावले.

ही अंगठी काय काम करते, ते नीट समजून घ्यायला हवे. नुसते पैसे मागणाऱ्याविषयी आपल्या मनात शंका येते, पण सोने हातात ठेवणाऱ्याविषयी येत नाही. त्याने मदत मागितली असे न वाटता त्यानेच आपल्यावर विश्वास टाकला असे वाटते, आणि त्या विश्वासाला आपण उतरले पाहिजे अशी भावना निर्माण होते. काही ठिकाणी हेच लोक अंगठी किंवा साखळी तारण न ठेवता स्वस्तात विकत देतो म्हणतात. तिथे घेणाऱ्याच्या मनात थोडा लोभ जागा होतो आणि मग फसवणूक उघड झाल्यावर तो माणूस पोलिसांकडे जायला लाजतो. हा डाव केवळ आपल्याकडचाही नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाच्या कडेला हात दाखवून गाड्या थांबवायच्या, पेट्रोलला पैसे नाहीत म्हणायचे आणि मोबदल्यात सोन्याचे म्हणून पितळी दागिने द्यायचे, हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे, आणि तिथले पोलीस त्याबद्दल वारंवार सावधगिरीच्या सूचना देतात. नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आम्ही पुन्हा रस्त्याला लागल्यावर काही मिनिटांतच पत्नी म्हणाली, “त्या मुलाच्या हातातली कोल्ड्रिंकची बाटली पाहिलीत का? तिच्यावर अजून दव होते.” दोन तासांपासून उन्हात अडकलेल्या, खिशात पैसे नसलेल्या कुटुंबाच्या हातात फ्रीजमधून नुकतीच काढल्यासारखी बाटली कुठून आली, याला आमच्याकडे उत्तर नव्हते. भाच्याने बॉनेटचा फोटो काढताना नंबर प्लेटही टिपली होती. त्याने एम-परिवहन अॅपवर तो क्रमांक टाकून पाहिला, तर तो एका दुचाकीचा निघाला. सरडेवाडीच्या टोलनाक्यावर आम्ही थांबून हे सांगितले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी गस्तीच्या गाडीला कळवले, पण ती तिथे पोचली तेव्हा रस्त्याच्या कडेला कुणीही नव्हते. लिहून दिलेला मोबाइल नंबर अस्तित्वातच नव्हता.

अंगठी आम्ही पुण्यात आमच्या नेहमीच्या सराफांना दाखवली. त्यांनी ती कसोटीवर घासली आणि रेघेवर आम्लाचा थेंब टाकला. रेघ हिरवट होऊन बघता बघता नाहीशी झाली. पितळेवर सोन्याचा मुलामा, बाजारात एक ग्रॅमचे दागिने म्हणून मिळतात तशातला प्रकार. त्यांनी जी माहिती दिली ती प्रत्येकाला उपयोगी पडेल. नुसता ९१६ हा आकडा कुणीही ठोकू शकतो. हल्लीच्या अधिकृत हॉलमार्कमध्ये भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक अशा तीन खुणा असतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून सराफाला या सहा अंकी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. बीआयएस केअर या अॅपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता कळते. जुन्या दागिन्यांवर हा क्रमांक नसतो, त्यामुळे तो नाही म्हणजे दागिना खोटाच असे म्हणता येत नाही. पण मुळात रस्त्याच्या कडेला उभे राहून सोन्याची पारख करण्याची वेळ येणे, यातच सगळे आले.

अंगठीऐवजी मोबाइल वापरूनही हाच डाव खेळला जातो. गाडी बंद पडलेला माणूस रोख पैसे मागतो आणि तेवढीच रक्कम यूपीआयने तुम्हाला पाठवतो म्हणतो. त्याच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते, आवाजही वाजतो, कारण ते अॅपच बनावट असते. त्याच्या स्क्रीनकडे बघू नये, आपल्या स्वतःच्या बँक खात्यात रक्कम जमा झाली की नाही ते बघावे. पैसे मिळवण्यासाठी आपला पिन टाकण्याची गरज कधीही नसते, त्यामुळे पिन टाका असे कुणी म्हणाले की व्यवहार तिथेच थांबवावा. याच्या उलट बाजूने, चालत्या गाडीला हात दाखवून “तुमच्या गाडीतून ऑइल गळतंय” असे सांगून थांबवणाऱ्या टोळ्याही आहेत. चालक खाली उतरून वाकतो तेवढ्यात दुसऱ्या दारातून बॅग जाते. असे कुणी म्हणाल्यास जवळच्या पंपापर्यंत किंवा टोलनाक्यापर्यंत जाऊन मगच उतरावे.

आता थांबावे की थांबू नये, या मूळ प्रश्नाबद्दल. अपघात झालेला असेल तर माझ्या मते हा प्रश्नच उद्भवत नाही, थांबलेच पाहिजे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने अनेक जण पुढे निघून जातात, पण त्या भीतीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे संरक्षण अपघातग्रस्ताला केलेल्या मदतीसाठी आहे. गाडी बंद पडलेल्या अनोळखी माणसाला हातउसने पैसे देण्याशी त्याचा संबंध नाही, आणि तिथे आपले रक्षण आपल्यालाच करावे लागते.

गाडी बंद पडलेली दिसली तर मी आजही थांबतो, पण मदत वस्तूच्या आणि सेवेच्या रूपातच करतो, रोख रकमेच्या रूपात करत नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो. तिथे कळवल्यास गस्तीची गाडी किंवा क्रेन येते, आणि हा फोन मी त्या माणसासमोर उभा राहून, त्याला ऐकू जाईल असा करतो. गस्तीची गाडी येणार म्हटल्यावर ज्याला हायसे वाटते तो खरा अडकलेला असतो. गाडीचा आणि नंबर प्लेटचा फोटो उघडपणे, सांगून काढण्यातही काही गैर नाही. मेकॅनिकला पैसे हवे असतील तर ते मेकॅनिकलाच, काम समोर झाल्यावर द्यावेत, आणि इंधन हवे असेल तर पंपावर आपणच भरावे. रात्रीच्या वेळी, एकट्या स्त्रीने किंवा वृद्धांबरोबर प्रवास करणाऱ्यांनी निर्जन जागी खाली उतरूच नये. पुढे सुरक्षित ठिकाणी थांबून ११२ वर ठिकाण कळवणे हीसुद्धा पुरेशी मदत आहे आणि त्याबद्दल मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

या घटनेनंतर काही महिन्यांनी पुणे–नाशिक रस्त्यावर संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाटाजवळ एक नवरा-बायको पंक्चर झालेली मोटारसायकल ढकलत चालले होते. बाईच्या कडेवर तान्हे मूल होते. गाडी थांबवताना माझा हात क्षणभर अडखळला, हे खरे आहे. आम्ही पुढच्या वस्तीवरून पंक्चर काढणाऱ्या पोराला गाडीत बसवून आणले. टायर काढून, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून त्याने खिळा शोधेपर्यंत ती बाई आमच्या गाडीच्या सावलीत बसून होती. पंक्चरचे पैसे त्या माणसाने स्वतःच्या खिशातून दिले आणि आम्हाला शेंगांची पिशवी घ्यायला लावली. टेंभुर्णीच्या त्या टोळीमुळे आम्ही त्या दिवशी पुढे निघून गेलो असतो, तर खरे नुकसान या दोघांचे झाले असते. मला त्या टोळीचा राग येतो तो आठ हजारांसाठी नाही, यासाठी येतो.

ज्यांची अशीच फसवणूक झाली असेल, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून गप्प राहू नये. एकाच पट्ट्यातल्या दोन-चार तक्रारी एकत्र आल्या तरच पोलिसांना जागा, वेळ आणि गाडी यांचा मेळ घालता येतो. हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो. १ जुलै २०२४ पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली येत असे. घटना दुसऱ्या जिल्ह्यात घडली असली तरी आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो पुढे संबंधित ठाण्याकडे पाठवला जातो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता असते. खोटा दागिना फेकू नये आणि मोडही करू नये, तो पुरावा आहे. पोलीस ठाण्यात जमा करताना त्याची पोच घ्यावी. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी.