मुंबईच्या हवेत १५०-६०० लेन्स: १४ महिने वापरल्यानंतर

डिसेंबर २०२३ मध्ये फोर्टातल्या बोरा बाजारमधून ही लेन्स सेकंडहँड घेतली, ५८ हजारांना. १५०-६०० मिलिमीटरची झूम (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), एफ ५ ते ६.३ (उजेड आत घेणाऱ्या छिद्राचं माप, आकडा वाढला की छिद्र लहान), वजन दोन किलोच्या आसपास, पुढे ९५ मिलिमीटरचा फिल्टर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या मापाच्या लेन्स एकाहून जास्त कंपन्या काढतात आणि इथलं बहुतेक सगळं थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांना लागू पडावं. कॅमेऱ्याची बॉडी माझी जुनीच, क्रॉप सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेली, त्यामुळे ६०० वर फुल फ्रेमच्या ९०० इतकं जवळ दिसतं.

घेतली ती विमानांसाठीच. माझे काका नौदलात होते, अलिझे विमानांच्या इंजिनांवर हात काळे केलेले. अलिझे म्हणजे विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडणारं फ्रेंच बनावटीचं, पाणबुड्या शोधणारं, पुढे पंखा असलेलं टर्बोप्रॉप विमान. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरच्या सी हॉक जेट आणि अलिझेंनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, ही गोष्ट आमच्या घरात पोरांना शाळेच्या पुस्तकाआधी माहीत असायची. तीच विक्रांत २००१ ते २०१२ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. काका मला तीनदा घेऊन गेले आणि माझ्याकडे त्या तिन्ही खेपांचे मिळून नऊ फोटो आहेत, तेही अंधुक. २०१४ मध्ये जहाज भंगारात गेलं. ते नऊ फोटो मला अजून टोचतात. जे उडतंय, जे उभं आहे, ते आहे तोवर नीट टिपायचं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

लेन्स घेतली आणि महिन्याभरातच मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचा एअर शो झाला, १२ ते १४ जानेवारी २०२४. तीनही दिवस दुपारी गेलो. पहिल्या दिवशी शटर १/२००० सेकंदावर ठेवून सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाची नऊ हॉक विमानं टिपली. जेटला हा वेग चालतो, कारण जेटमध्ये बाहेरून फिरताना दिसणारं काहीच नसतं. त्याच सेटिंगवर सारंग या हेलिकॉप्टर पथकाची ध्रुव हेलिकॉप्टरं काढली आणि घरी येऊन बघतो तर पाती जागच्या जागी थिजलेली. लाल रंग, अंगावरचा मोर, सगळं खणखणीत आलं होतं, पण फोटोत उडणं नव्हतं. शोकेसमधलं मॉडेल कुणीतरी आकाशासमोर धरल्यासारखं वाटत होतं.

हिशेब सोपा आहे. ध्रुवचा मुख्य रोटर मिनिटाला साधारण ३०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. १/२००० सेकंदात पातं जेमतेम एक अंश सरकतं. १/२५० ला सात अंश आणि १/१०० ला अठरा. पात्यांचा पंखा दिसायला हवा तर १/१०० पर्यंत खाली यावं लागतं आणि ६०० मिलिमीटरवर, हातात धरून, १/१०० म्हणजे बहुतेक फ्रेम वाया. दुसऱ्या दिवशी मी १/२०० वर गेलो, स्थिरीकरणाचं बटण दोनवर टाकलं. दोन नंबर पॅनिंगसाठी, म्हणजे विमानाबरोबर कॅमेरा आडवा फिरवत नेण्यासाठी असतो, आडवी हालचाल सोडून देतो आणि फक्त उभी थरथर सावरतो. १८६ फ्रेम काढल्या, ११ ठेवल्या. त्या ११ मधली एक आज काकांच्या हॉलमध्ये लावलेली आहे.

लेन्सबद्दल माझं मुख्य म्हणणं याच तीन दिवसांत तयार झालं आणि १४ महिन्यांत बदललं नाही. लोक ही लेन्स ६०० साठी घेतात आणि मुंबईत ६०० फार कमी वेळा कामाला येतं. जानेवारीत समुद्रावर जो राखाडी पडदा असतो तो कुठलीही काच भेदत नाही. विमान लांब असताना ६०० वर ओढलं की विमानाबरोबर मधली सगळी धूळ आणि उष्म्याची थरथर पण मोठी होते. पाण्यावरची हवा तापली की कडा वितळल्यासारख्या दिसतात आणि आपल्याला वाटतं फोकस चुकला. तीन दिवसांच्या ठेवलेल्या ३१२ फ्रेम मी नंतर तपासल्या. ५०० च्या पुढच्या ४० पण नव्हत्या. बहुतेक २५० ते ४५० मधल्या. विमान जवळ येण्याची वाट बघणं हे इथे जास्त लांब लेन्सपेक्षा मोलाचं आहे.

उजेडाचंही लक्षात ठेवा. जानेवारीत मुंबईत सूर्य माथ्यावर यायला पाऊण वाजतो, तेव्हा तो दक्षिणेला असतो. मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे, नरिमन पॉइंटच्या बाजूला असलेलं विमान काळं येतं आणि उजवीकडे, मलबार हिलच्या बाजूचं उजळ. मी तिसऱ्या दिवशी एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट ठेवलं. आकाश पांढरं झालं, चालेल. विमानाचं पोट दिसायला हवं.

काचेची धार तपासायला मात्र वरळीला नेहरू सायन्स सेंटरमध्ये गेलो. तिथे आवारात एचएफ-२४ मरुत उभं आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या आराखड्यावर बंगळुरूत बनलेलं, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं आपलं पहिलं जेट लढाऊ विमान. अख्खं विमान या लेन्समध्ये बसवायचं तर कुठल्या कुठे मागे जावं लागेल. पण रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) मोजायला याहून चांगली वस्तू शहरात नाही. ६०० वर एफ ६.३ ला रिव्हेट किंचित मऊ येतात, एफ ८ ला टोचतील इतके स्पष्ट. तेव्हापासून उजेड असेल तर मी एफ ८ सोडत नाही. शाळेची सहल आलेली होती. सगळी मुलं रेल्वे इंजिनाकडे धावली, मरुतपाशी एकच मुलगी थांबून एअर इनटेकमध्ये वाकून बघत होती. तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर रिव्हेट दाखवले.

सरावासाठी घारी उत्तम. वरळी सी फेसवर संध्याकाळी त्या वाऱ्यावर तरंगतात, वेग साधारण सारखा राहतो, खांदा वळवायची सवय होते. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या बोटीमागे सीगल येतात ते अवघड, पण फोकस पकडायला शिकवतात. राखाडी आभाळावर ही लेन्स एकदा फोकस हरवली की टोकापासून टोकापर्यंत जाऊन येते आणि तेवढ्यात पक्षी काय, विमानही निघून जातं. फोकस लिमिटर, म्हणजे जवळचा फोकस बंद ठेवणारं बटण, लांबवर लावून ठेवला की हे बरंच कमी होतं. बोटीवरून आल्यावर लेन्सवरचं खारं पाणी त्याच दिवशी ओलसर फडक्याने पुसा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

ज्या दिवसासाठी ही लेन्स घेतली असं मी आता म्हणतो तो दिवस मुंबईबाहेर आला. ६ ऑक्टोबर २०२४, चेन्नईचा मरीना किनारा. हवाई दलाच्या ताफ्यात हार्वर्ड आणि डकोटा ही जुनी, पंख्याची विमानं होती. डकोटाच्या शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा तो क्रमांक. आजचं हे विमान उद्योजक आणि राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी भंगारातून सोडवून, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील स्वतः डकोटा उडवायचे. २०१८ मध्ये ते उडतच भारतात आलं. नाव परशुराम.

जेट येऊन जातात, आवाज मागून येतो. डकोटाचा आवाज आधी येतो, घुमतो, थांबतो आपल्यासाठी. मी १/२०० वर होतो, ४२० मिलिमीटरला. चंदेरी पोट, दोन्ही पंखे धुरकट गोल आणि विमान काठोकाठ स्पष्ट, असे चार फोटो मिळाले. काकांना मोठी प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा वर करून कागद नाकाजवळ नेला आणि इंजिनाच्या मागे पंखावर उमटलेल्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "तेल आहे रे हे. रेडियल इंजिन तेल सांडणारच." मग बराच वेळ बोट तिथेच होतं.

त्याच दिवशी मरीनावरच्या गर्दीत आणि उन्हात पाच माणसं गेली. मला ते रात्री स्टेशनवर कळलं. तेव्हापासून एअर शोला जाताना बॅगेत आधी तीन लिटर पाणी आणि टोपी जाते, दुसरी बॅटरी उरलेल्या जागेत.

आता तक्रारी. लेन्स खाली तोंड करून गळ्यात लटकवली की स्वतःच्या वजनाने पुढची नळी घसरून बाहेर येते. लॉक आहे, पण चालताना लावायचं आणि विमान दिसलं की काढायचं यात क्षण जातो. मी झूमच्या कड्यावर रुंद रबरबँड चढवलाय, चांगलं चालतं. आणि झूम करताना नळी आतबाहेर होते तेव्हा ती हवा ओढते, हवेबरोबर धूळ आणि आपल्याकडची दमट हवा.

दमट हवेचा फटका मला बसला. जुलैत नऊ दिवस लेन्स बॅगेतच राहिली. ऑगस्टमध्ये टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा बारीक तंतू. फंगस. फोर्टातल्या एका कारागिराने उघडून साफ केलं, साडेतीन हजार घेतले, आणि कोटिंगवर डाग राहिला नाही कारण वेळेत नेलं होतं. आता रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० टक्क्यांमध्ये ठेवतो. जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे, पण तो तवा पोळ्यांना वापरायचा नाही. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी करावं लागलं.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच दोन्ही टोकांनी टॉर्च मारून बघा, आणि कडेला जास्त बघा. झूम पूर्ण फिरवून करकर लागते का ते पाहा. दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन समोरच्या इमारतीच्या पाटीवर ६०० ला दहा फ्रेम काढा, स्थिरीकरण चालू आणि बंद ठेवून. ट्रायपॉडचं कडं आणि हूड (लेन्सच्या पुढे लावायचं, आडवा उजेड अडवणारं कडं) सोबत आहे याची खात्री करा, हे नंतर सुटं घ्यायला महाग पडतं. माझ्या लेन्ससोबत हूड नव्हता, तो शोधायला मला दीड महिना लागला.